मिळकतकराचे बिल : आकडा येतो कुठून?

खास प्रतिनिधी

पुण्यात त्याला मिळकतकर म्हणतात, मुंबईत मालमत्ता कर आणि कोल्हापूर-सांगलीकडे आजही घरपट्टी. नावे निराळी असली तरी कर एकच आहे, आणि सर्वसामान्य घरमालकाचा त्याच्याशी संबंध बहुधा वर्षातून एकदाच येतो : बिल येते, शेवटचा आकडा पाहिला जातो, गेल्या वर्षीपेक्षा वाढला असल्यास चार शब्द बोलले जातात आणि मुदतीपूर्वीची सवलत पदरात पाडून घेण्यासाठी रक्कम भरली जाते. बिलाच्या मधल्या भागात छापलेल्या दहा-बारा रकान्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. वास्तविक शेवटच्या आकड्यावर वाद घालून काही हाती लागत नाही. तो आकडा ज्या एका रकमेतून निघतो, ती रक्कम बिलाच्या वरच्या कोपऱ्यात असते. तिला कायद्याच्या भाषेत करपात्र मूल्य म्हणतात. हे मूल्य घराची पहिली आकारणी होते तेव्हा ठरते आणि पुढे अनेक वर्षे तसेच राहते. ते चुकीचे ठरले तर ती चूक दरवर्षी नव्याने वसूल होत राहते. म्हणून घरमालकाने लक्ष घालायचे ते तिथे.

हा कर लावण्याचा अधिकार मुळात राज्याचा. जमिनी व इमारतींवरील कर हा विषय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ४९ व्या क्रमांकावर आहे. राज्याने तो अधिकार कायद्याने स्थानिक संस्थांकडे दिला. मुंबईसाठी १८८८ चा महापालिका कायदा आहे. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर आदी महापालिकांना १९४९ चा कायदा लागू होतो. त्याचे पूर्वीचे नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम असे होते. आता तो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जातो. नगरपालिका व नगरपंचायतींचा कारभार १९६५ च्या कायद्याने चालतो, तर ग्रामपंचायतींचे नियम आणखी निराळे. एकाच राज्यात दोन भावांची सारख्याच आकाराची घरे दोन शहरांत असतील, तर त्यांच्या बिलांची तुलना करून उपयोग नाही, याचे कारण हे आहे.

जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतर मुंबईतूनही संपली. इतर महापालिकांतून ती आधीच गेली होती आणि तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही बव्हंशी २०१५ मध्ये रद्द झाला. राज्य सरकार त्याची भरपाई अनुदानातून देते. पण स्वतःच्या हाताने वसूल करता येणारे मोठे उत्पन्न म्हणून महापालिकांच्या हाती मुख्यतः मिळकतकरच उरला आहे. घराघरांचे सर्वेक्षण, नव्या आकारण्या आणि थकबाकीदारांच्या दारात बँडबाजा वाजवण्याचे पुणेरी प्रयोग यांमागे हा हिशोब आहे.

करपात्र मूल्य म्हणजे काय?

पुण्यासह बहुतेक महापालिकांत कर भाडेमूल्यावर आधारलेला आहे. हे घर वर्षभर भाड्याने दिले असते तर वाजवीपणे किती भाडे मिळाले असते, असा प्रश्न कायदा विचारतो. घर भाड्याने दिलेले असलेच पाहिजे असे नाही. मालक स्वतः राहत असला तरी हे काल्पनिक भाडे धरले जाते. त्यातून देखभाल-दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की जे उरते ते वार्षिक करपात्र मूल्य.

'वाजवी भाडे' म्हणजे किती, यावर देशभर अनेक दशके खटले चालले. दिवाण दौलतराय कपूर यांच्या डिसेंबर १९७९ मधील गाजलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जिथे भाडेनियंत्रण कायदा लागू आहे तिथे त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाणित भाड्यापेक्षा अधिक भाडे मिळेल असे करआकारणीसाठी गृहीत धरता येणार नाही. मुंबई-पुण्यातील जुन्या वाड्यांचे आणि चाळींचे मूल्य कागदोपत्री अतिशय अल्प राहिले, त्यामागे हेच तत्त्व होते. पेठेतल्या मोक्याच्या जागी असलेल्या वाड्याला नाममात्र कर आणि उपनगरातल्या दोन खोल्यांच्या नव्या सदनिकेला त्याच्या कित्येक पट, हे चित्र त्यातून उभे राहिले.

व्यवहारात महापालिका प्रत्येक घराचे भाडे स्वतंत्रपणे शोधत बसत नाही. भागवार आणि बांधकामाच्या प्रकारानुसार दर चौरस फुटाला महिन्याचा एक दर ठरवलेला असतो. ज्या वर्षी इमारतीची पहिली आकारणी होते, त्या वर्षीचा दर तिला लागतो. पुण्यात पुढे हे दर वाढले तरी जुन्या इमारतींचे मूल्य आपोआप वाढत नाही. परिणामी एकाच रस्त्यावर समोरासमोर असलेल्या, एक २० वर्षांपूर्वीची आणि एक कालची, अशा दोन इमारतींतील सारख्या सदनिकांच्या बिलांत मोठी तफावत दिसते. नव्या घरात राहायला गेलेल्यांना ही फसवणूक वाटते. ती फसवणूक नाही. पण न्याय्य आहे असेही कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. सगळ्या शहराचे एकदम फेरमूल्यांकन करणे हा त्यावरचा सरळ उपाय, आणि तो करण्याची राजकीय तयारी सहसा कोणाची नसते. नगरपालिकांच्या कायद्यात दर चार वर्षांनी फेरआकारणीची तरतूद आहे. छोट्या शहरांत ही चतुर्वार्षिक आकारणी आली की मोर्चे निघतात, ते यामुळेच.

एक उदाहरण

केवळ समजण्यासाठी काही आकडे घेऊ. ते कोणत्याही विशिष्ट भागाचे दर नव्हेत. समजा, सदनिका ६०० चौरस फुटांची आहे आणि महापालिकेने धरलेला दर महिन्याला २ रुपये चौरस फूट आहे. वर्षाचे भाडे झाले १४,४०० रुपये. त्यातून १० टक्के वजा जाता करपात्र मूल्य १२,९६० रुपये. सर्व करांच्या टक्केवारीची बेरीज ४० धरली, तर वर्षाचा कर ५,१८४ रुपये.

आता हाच हिशोब मालक स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत धरून करू. १४,४०० रुपयांपैकी ६० टक्के म्हणजे ८,६४० रुपयेच भाडे धरले जाईल. त्यातून १० टक्के वजा केले की ७,७७६ रुपये उरतात आणि कर येतो सुमारे ३,११० रुपये. फरक दोन हजारांहून अधिक, आणि तो दरवर्षीचा. दर तिप्पट असेल तर फरकही तिप्पट.

यात क्षेत्रफळाचा आकडा चुकीचा असेल तर काय होते, हे आता वेगळे सांगायला नको. चटई क्षेत्र आणि बांधीव क्षेत्र यांची गल्लत, सामायिक जिना वा गच्ची एखाद्याच सदनिकेच्या नावावर मोजली जाणे, वाहनतळाची जागा निवासी दराने धरली जाणे, असे प्रकार घडतात. महापालिकेने धरलेले क्षेत्र खरेदीखतातील क्षेत्राशी ताडून पाहण्याला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. मात्र दोन्ही ठिकाणी एकाच प्रकारचे क्षेत्र आहे ना, याची आधी खात्री करावी. बंदिस्त केलेली बाल्कनी वा वाढवलेली खोली आपण विसरलो असलो तरी सर्वेक्षणात ती सापडते आणि आकारणीत येते.

पुण्याच्या ४० टक्के सवलतीची गोष्ट

या सवलतीचा इतिहास पुणेकरांना माहीत असलेला बरा. १९७० मध्ये पुणे महापालिकेने ठराव करून स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकांना वाजवी भाड्यात ४० टक्के सूट दिली. शिवाय देखभालीची वजावट १० ऐवजी १५ टक्के धरली. सुमारे अर्धशतक हे सुरळीत चालले. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की, कायद्यात १० टक्केच वजावट आहे आणि अशा सवलतीला कायद्याचा आधार नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने तो ठराव विखंडित केला.

त्यानंतरची तीन-चार वर्षे गोंधळाची होती. नव्याने आकारणी झालेल्या सदनिकांना सवलत मिळालीच नाही. सर्वेक्षणात ज्यांच्या घरी भाडेकरू असल्याची नोंद झाली त्यांचीही सवलत गेली आणि त्यातल्या काहींच्या घरी मालक स्वतःच राहत होते. फरकाच्या रकमेची मागणी सुरू झाल्यावर ओरड झाली. अखेर एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुन्हा देण्याचा निर्णय घेतला. देखभालीची वजावट मात्र कायद्याप्रमाणे १० टक्केच राहिली. ज्यांच्याकडून जादा कर घेतला गेला होता, त्यांची रक्कम पुढील बिलांतून वळती करण्याचे ठरले.

इथे मेख अशी की, ही सवलत सर्वांना आपोआप लागू झाली नाही. ज्यांना २०१९ पासून ती मिळत नव्हती, त्यांनी 'पीटी-३' नावाचा अर्ज भरून, आपण त्या घरात स्वतः राहतो याचा पुरावा जोडून, क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा होता. सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, गॅसची जोडणी असे पुरावे मागितले गेले. त्यासाठी मुदत दिली गेली आणि ती वाढवलीही गेली. परगावी मुलांकडे गेलेले ज्येष्ठ नागरिक, वृत्तपत्र न वाचणारे तरुण मालक, घर वारसाने आले पण नाव न बदललेले, अशांपैकी बरेच जण मागे राहिले असणार, हे वेगळे सांगायला हवे काय? सरकारने काढून घेतलेली गोष्ट सरकारनेच परत केली, तर नागरिकाला अर्ज करायला का लावावा, हा प्रश्न त्या वेळीही विचारला गेला होता.

पुण्यातील घरमालकाने म्हणून बिल हाती आल्यावर पहिल्यांदा हे पाहावे की त्यात स्वतः राहत असल्याची सवलत धरलेली आहे किंवा नाही. घर भाड्याने दिले असल्यास ही सवलत मिळत नाही. आणि दिलेले नसताना तशी नोंद झाली असेल, तर ती बदलून घेण्यासाठी अर्ज करणे हा एकच मार्ग आहे.

मुंबईचा हिशोब निराळा

मुंबईत ३१ मार्च २०१० पर्यंत भाडेमूल्याचीच पद्धत होती. १ एप्रिल २०१० पासून तिथे भांडवली मूल्यावर आधारित कर लागू झाला. म्हणजे भाडे किती येईल याऐवजी घराची किंमत किती, हा प्रश्न आला. ही किंमत मुद्रांक शुल्कासाठी दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या शीघ्रसिद्ध गणकातील, म्हणजेच रेडी रेकनरमधील दरावरून काढतात. त्या दराला घराच्या वापराचा, बांधकामाच्या प्रकाराचा, इमारतीच्या वयाचा आणि मजल्याचा असे एकेक गुणक लागतात; शेवटी क्षेत्रफळाने गुणले की भांडवली मूल्य हाती येते. इमारत जुनी होत जाते तसा वयाचा गुणक कमी होतो. उद्वाहन असलेल्या उंच इमारतीत वरच्या मजल्यांचा गुणक वाढतो. मूल्यात दर पाच वर्षांनी सुधारणा करण्याची तरतूद आहे आणि एका वेळी होणाऱ्या वाढीवर मर्यादाही आहे.

ही पद्धत आली तेव्हा नियमांत आणखी एक गोष्ट होती. भूखंडावर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, म्हणजे किती चटई निर्देशांक शिल्लक आहे, याचाही विचार मूल्य ठरवताना करण्यात आला होता. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द ठरवले. भूखंडाची आजची स्थिती पाहावी, उद्या तिथे काय उभे राहू शकेल ते नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. सामान्य सदनिकाधारकाला हा वाद दूरचा वाटेल, परंतु करआकारणीचे मूळ तत्त्व त्यात आहे आणि हरकत घेताना ते उपयोगी पडते.

मुंबईकरांना परिचित असलेली दुसरी बाब म्हणजे ५०० चौरस फुटांची. ४६.४५ चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र असलेल्या निवासी सदनिकांना २०१९ मध्ये मालमत्ता कर माफ झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा प्रत्यक्षात केवळ सर्वसाधारण कर माफ झाला होता आणि बाकीचे कर बिलात कायम होते. बिले आल्यावर अपेक्षाभंग झाला. संपूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून आली. शहर भागातील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या बिलात म्हाडाचा दुरुस्ती उपकरही असतो. तो महापालिका गोळा करते. पण तो तिचा कर नव्हे.

बिलातले रकाने

बिलातील सर्व रकमा महापालिकेच्या तिजोरीत जातात, हा समज बरोबर नाही. सर्वसाधारण कर हा मुख्य. त्याच्या जोडीला सफाईपट्टी, अग्निशामक कर, वृक्षकर, पथकर, जललाभ कर, मलनिःसारण लाभकर, महापालिकेचा शिक्षण कर असे कर येतात. प्रत्येक शहरात यांची नावे व टक्केवारी थोडीफार बदलते. जललाभ कर आणि पाणीपट्टी यांत गल्लत होते. जललाभ कर हा जलवाहिन्या, टाक्या इत्यादी व्यवस्थेपोटी असतो. पाणीपट्टी ही प्रत्यक्ष पुरवठ्याची असते. नळाला पाणी येत नाही म्हणून लाभकर देणार नाही, हे म्हणणे टिकत नाही, कितीही रास्त वाटले तरी.

राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर हे दोन १९६२ च्या कायद्याखालील कर आहेत. महापालिका ते केवळ वसूल करून शासनाकडे भरते. रोजगार हमी उपकर घरांना लागत नाही, तो बिगरनिवासी जागांसाठी आहे. निवासी सदनिकेच्या बिलात तो दिसला, तर वापराची नोंद चुकली आहे हे निश्चित समजावे. घरातच शिकवणी वा दवाखाना चालवणाऱ्यांच्या बाबतीत अशी नोंद कधी कधी योग्यही असते. दर बिगरनिवासी झाला की बिल कित्येक पटींनी वाढते. म्हणून किती भाग व्यवसायासाठी वापरला जातो, हे मोजून नोंदवून घेणे हिताचे. मोठ्या सदनिकांना याशिवाय मोठ्या निवासी जागांवरील राज्याचा कर लागतो.

अनधिकृत बांधकामाला १९४९ च्या कायद्यातील कलम २६७ अ अन्वये कराच्या दुप्पट शास्ती लावता येते. पिंपरी-चिंचवडमध्ये हा विषय अनेक निवडणुकांत गाजला आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तेथील शास्ती माफ केली. कर वा शास्ती भरल्याने बांधकाम अधिकृत होते, असे मात्र कायदा कुठेही म्हणत नाही. हे वाक्य घर विकत घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. 'टॅक्स पावती आहे ना, मग झाले' असे सांगणाऱ्या विक्रेत्यांची कमतरता नाही.

पावती म्हणजे मालकी नव्हे

करआकारणी पुस्तकात नाव असणे म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरतेच त्या नोंदीला महत्त्व. तरीही ती नोंद वेळेवर बदलून घेणे अगत्याचे आहे. घराचे हस्तांतर झाल्यावर तीन महिन्यांच्या आत विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने महापालिकेला लेखी कळवायचे असते. मालकाचे निधन झाल्यास वारसाने एक वर्षाच्या आत कळवायचे असते. विकणाऱ्याने कळवले नाही, तर कराची जबाबदारी त्याच्यावरही राहू शकते. घर विकून दहा वर्षे झाली तरी त्याच्या नावे नोटीस येते, ती यामुळे.

घेणाऱ्यासाठी धोका याहून मोठा आहे. थकलेला मिळकतकर हा त्या मिळकतीवरील पहिला बोजा असतो. तो व्यक्तीमागे जात नाही, भिंतींना चिकटून राहतो. जुनी सदनिका घेताना बँकेच्या कर्जाचा बोजा आहे का, हे सर्व जण तपासतात. कराची थकबाकी किती, हे विचारायचे राहून जाते. महिन्याला २ टक्के शास्ती म्हणजे साध्या हिशोबाने वर्षाला २४ टक्के. पाच-सहा वर्षांत ती मूळ कराच्या पुढे जाते. मिळकत क्रमांक टाकला की मोठ्या महापालिकांच्या संकेतस्थळावर थकबाकी दिसते. खरेदीखतापूर्वी त्या दिवशीचे थकबाकी नसल्याचे प्रमाणपत्र मागणे गैर नाही. सोसायटीच्या नावे एकत्रित बिल येत असेल, तर मालकाने सोसायटीकडे पैसे भरले असले तरी सोसायटीने ते पुढे महापालिकेत भरले का, हेही पाहावे.

नव्या इमारतीत आणखी एक गोष्ट घडते. भोगवटापत्र मिळून लोक राहायला आले, तरी आकारणी दोन-तीन वर्षे होतच नाही. बिल येत नाही म्हणून मालकही स्वस्थ असतात. मग एके दिवशी मागील सर्व वर्षांचे बिल एकदम येते. आकारणी लांबल्याने कर चुकत नाही, केवळ साचतो. स्वतःहून अर्ज करून आकारणी करून घेतलेली बरी.

महापालिका हद्दीत नव्याने आलेल्या गावांची स्थिती अशीच. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. ग्रामपंचायतीच्या दरातून महापालिकेच्या दरात जाताना कर टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे. आपले बिल त्या टप्प्याप्रमाणेच आले आहे ना, हे तेथील रहिवाशांनी पडताळावे. रस्ते आणि पाणी येण्याआधी कर आला, ही त्यांची तक्रार खोटी नाही. परंतु लाभकर आणि सर्वसाधारण कर यांतला फरक लक्षात घेतल्याशिवाय त्या तक्रारीला कायदेशीर धार येणार नाही.

हरकत कुठे, कशी?

पहिली आकारणी करताना किंवा आधीचे मूल्य वाढवताना महापालिकेने मालकाला स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. ही नोटीस हाच सर्वांत मोलाचा कागद. तिच्यात हरकतीची मुदत छापलेली असते. त्या मुदतीत लेखी तक्रार दिली की सुनावणी घ्यावी लागते आणि निर्णय कळवावा लागतो. बांधकाम व्यावसायिकाच्या पत्त्यावर नोटीस गेली आणि सदनिकाधारकाला ती मिळालीच नाही, असे सर्रास घडते. म्हणून घराचा ताबा घेतल्यानंतर पत्ता व मोबाइल क्रमांक नोंदवणे, हे पहिल्या आठवड्यातले काम आहे.

आपल्या मिळकतीसंबंधीची आकारणी पुस्तकातील नोंद पाहण्याचा आणि तिचा उतारा घेण्याचा मालकाला हक्क आहे, तोही विनामूल्य. हा हक्क फारच थोडे जण बजावतात. कोणता दर, कोणते क्षेत्र, कोणता वापर आणि कोणत्या तारखेपासून, ही चार उत्तरे त्या उताऱ्यात मिळतात आणि हरकतीचा अर्ज त्यांवरच लिहायचा असतो. 'कर फार जास्त आहे, कमी करावा' या अर्जाला उत्तर काय येणार, हे सांगायला नको. 'खरेदीखतानुसार क्षेत्र इतके, आपल्या नोंदीत इतके, सोबत नकाशा जोडला आहे' या अर्जाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तक्रार फेटाळली गेल्यास १९४९ च्या कायद्यातील कलम ४०६ नुसार न्यायाधीशाकडे अपील करता येते. मुदत अवघी १५ दिवसांची. शिवाय आधी महापालिकेकडे तक्रार केलेली असली पाहिजे आणि वादग्रस्त कराची रक्कम भरलेली असली पाहिजे. त्याविना अपील ऐकलेच जात नाही. मुंबईत अपील लघुवाद न्यायालयाकडे जाते. आधी पैसे भरा आणि मग भांडा, ही अट निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला जाचक आहे यात शंका नाही. पण वाद आहे म्हणून कर थकवला तर शास्ती चालूच राहते आणि अपीलही हातचे जाते. हरकत राखून रक्कम भरत असल्याचे पत्र देऊन भरणा करणे, हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग.

सवलती आणि वेळ

कर १ एप्रिल आणि १ ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय असतो. पुण्यात वर्षाचा संपूर्ण कर साधारणतः मेअखेरपर्यंत भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात, करपात्र मूल्यानुसार, ५ किंवा १० टक्के सूट मिळते. ती संपूर्ण बिलावर नसते, म्हणून हाती येणारी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी वाटते. सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण आणि गांडूळखत यांपैकी एखादा प्रकल्प सोसायटीत असल्यास आणखी सूट आहे. मात्र प्रकल्प चालू असला पाहिजे. गच्चीवर गंजलेली पत्र्याची पेटी दाखवून ती मिळत नाही. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना २०२० च्या शासन निर्णयाने एका घरापुरती माफी आहे, पण त्यासाठीही अर्ज करावा लागतो.

थकबाकीदारांसाठी अधूनमधून अभय योजना येतात. करोनाच्या वर्षात, २०२० मध्ये पुण्यात शास्तीत मोठी सूट देणारी अशी योजना आली होती. वेळेवर कर भरणाऱ्यांनी तेव्हा विचारलेला प्रश्न साधा होता : आम्ही काय चुकलो? त्याचे समाधानकारक उत्तर अद्याप मिळालेले नाही. पण पुढची योजना येईल या भरवशावर कर थकवणेही परवडणारे नाही, कारण मूळ कर अशा योजनेत माफ होत नाही आणि योजना आलीच नाही तर जप्तीची नोटीस येते.

घर भाड्याने दिले असल्यास कर कोणी भरायचा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. करारात काहीही ठरले असले, तरी महापालिकेच्या दृष्टीने पहिली जबाबदारी मालकाची. त्याने थकवला तर भाडे देणाऱ्याकडूनही वसुली होऊ शकते आणि मग तो ती रक्कम भाड्यातून कापून घेऊ शकतो. प्राप्तिकराच्या हिशोबात भाड्याच्या उत्पन्नातून मिळकतकराची वजावट मिळते, ती मालकाने स्वतः भरला असेल तरच. शिवाय ज्या आर्थिक वर्षात रक्कम प्रत्यक्ष भरली त्याच वर्षी ती मिळते. बिल कोणत्या वर्षाचे आहे हे तिथे पाहिले जात नाही. तीन वर्षांची थकबाकी एकदम भरली, तर तिन्ही वर्षांची वजावट त्या एका वर्षात घेता येते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला ही वजावट नाही.